कॉलेजच्या खेळाडूंना पगार द्यावा का? अमेरिकेतल्या वादावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात ज्या शनिवारी इथे सामना असतो, त्या दिवशी आम्ही विद्यापीठाच्या बाजूला फिरकतही नाही, कारण रस्ते तुंबलेले असतात. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसे बसतात, बाहेर पार्किंगमध्येही सकाळपासून शेगड्या पेटलेल्या असतात. आणि मैदानात उतरतात अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची, त्याच विद्यापीठात शिकणारी पोरे. भारतातून पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "या मुलांना किती मिळतात रे?" २०२१ पर्यंत याचे उत्तर एका वाक्यात देता यायचे: स्कॉलरशिप सोडली तर काही नाही. आता येत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

कॉलेजच्या सामन्याला एवढी गर्दी? हा प्रकार आहे तरी काय?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला प्रेक्षक म्हणजे दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि कोणाचे तरी बाबा. इथे तसे नाही. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत व्यावसायिक संघच नाही, तिथे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. आजोबांनी ज्याचा झेंडा लावला, त्याचाच नातू लावतो.

आणि या खेळात पैसा नंतर घुसला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे १८५२ ची हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर झालेली. मुलांचा खर्च उचलला होता एका रेल्वे कंपनीने. शर्यत बघायला लोक येतील आणि तिकिटे खपतील, हा हिशोब. म्हणजे पहिल्याच सामन्याला प्रायोजक हजर होता.

एनसीएए ही काय भानगड आहे?

कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संघटना. (इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून हातात चेंडू धरून धावण्याचा अमेरिकन फुटबॉल, एवढे लक्षात ठेवा.) १९०५ च्या हंगामात मैदानावर इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलवावे लागले. त्यातून १९०६ मध्ये संघटना उभी राहिली. आज तिच्यात सुमारे ११०० कॉलेजे आणि पाच लाखांहून जास्त खेळाडू आहेत, तीन पातळ्यांत विभागलेले. सगळ्यांत खालच्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा नसते.

पगाराचा वाद ऐकताना हे विसरू नका. टीव्हीवर जो पैसा दिसतो, तो काही डझन मोठ्या विद्यापीठांचा, आणि त्यातही मुख्यतः पुरुषांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोनच खेळांचा.

पण स्कॉलरशिप मिळतेच की! फी, खोली, जेवण फुकट. तो पगार नाही का?

हा प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो, कारण फीचे आकडे आपल्याला पाठ असतात. स्कॉलरशिप मोठी गोष्ट आहे, हे खरेच. पण तिच्या अटी बघा.

१९७३ पासून ही स्कॉलरशिप एकेका वर्षाची झाली. दर उन्हाळ्यात कोचच्या मर्जीवर नूतनीकरण. एकाहून जास्त वर्षांची हमी देण्याची मुभा पुन्हा मिळाली ती २०१२ मध्ये. मधली चार दशके गुडघा गेला तर शिक्षणही जाऊ शकत होते. आठवड्याला फक्त २० तास सराव असा नियम १९९१ पासून कागदावर आहे. प्रवास, मालिश, उपचार आणि "ऐच्छिक" व्यायाम त्यात धरत नाहीत. या ऐच्छिकला न जाणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. सरावाच्या वेळेत येणारा विषय घेता येत नाही, त्यामुळे इंजिनिअरिंग किंवा प्रयोगशाळेचे विषय अनेकांना आपोआप बंद.

आणि मिळणारे शिक्षण नेहमीच शिक्षण असते असेही नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षे असे वर्ग चालले की ज्यांत तास होत नसत, शिक्षक भेटत नसे, शेवटी एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३१०० विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यात खेळाडूंचा भरणा मोठा होता. फी माफ करायची आणि तास मात्र घ्यायचेच नाहीत, तर मुलाच्या पदरात पडले काय?

जेवणाचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत नियम असा होता की खेळाडूला मधल्या वेळी फुकट बेगल (मध्ये भोक असलेला पाव) देता येई, पण त्यावर चीज लावले की तो नाश्ता न राहता "जेवण" होई आणि नियमभंग ठरे. २०१४ मध्ये कनेक्टिकटच्या संघाने बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले तेव्हा त्यांचा स्टार शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की कधीकधी रात्री उपाशीपोटी झोपावे लागते. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली. इतकी वर्षे न जमलेले काम एका पोराच्या एका वाक्याने झाले.

"विद्यार्थी-खेळाडू" असा जोडशब्द का वापरतात? नुसते खेळाडू का म्हणत नाहीत?

माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. त्यामुळे जरा सविस्तर.

१९५० च्या दशकात कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुइस या छोट्या कॉलेजकडून रे डेनिसन नावाचा तरुण फुटबॉल खेळत असे. १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून तो गेला. त्याच्या पत्नीने नुकसानभरपाई मागितली. कारखान्यात कामगार मेला तर त्याच्या घरच्यांना जी मिळते, तीच. प्रश्न सरळ होता: हा माणूस कॉलेजचा कामगार होता की नव्हता? कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये नेमेथ नावाच्या दुसऱ्या खेळाडूला कर्मचारी मानले होते, त्यामुळे कॉलेजांना घाम फुटलेला. डेनिसनच्या बाबतीत मात्र १९५७ मध्ये न्यायालय म्हणाले, कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. विधवेच्या हाती काही लागले नाही.

याच सुमारास एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी "विद्यार्थी-खेळाडू" हा शब्द रुजवला. सगळ्या नियमांत, पत्रकांत, कॉमेंट्रीत तोच वापरायचा असा आग्रह धरला. तो कशासाठी? तर कोणत्याही न्यायाधीशाच्या तोंडी "कामगार" हा शब्द येऊ नये म्हणून. हे मी म्हणत नाही. १९५१ ते १९८७ अशी ३६ वर्षे गादीवर बसलेल्या बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच ते कबूल केले आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेवर टीकेची झोड उठवली.

तेव्हा "हौशी खेळाचे पावित्र्य" वगैरे भाषण ऐकले की मला डेनिसनच्या पत्नीची आठवण येते. आपल्याकडे हौशी नाट्यस्पर्धा असतात. तिथे नट हौशी, तसा दिग्दर्शकही हौशी आणि पडदा ओढणाराही. सगळे पगारी आणि एकटा नट तेवढा हौशी, असे नाटक मी फक्त इथेच पाहिले.

पैसा नेमका आहे तरी किती, आणि जातो कुठे?

मार्च महिन्यात बास्केटबॉलची बाद फेरीची स्पर्धा होते. तिच्या प्रक्षेपणासाठी सीबीएस आणि टर्नर यांनी २०१० मध्ये १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला, मग २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्ज मोजून तो २०३२ पर्यंत वाढवला. फुटबॉलचे हक्क १९८४ पर्यंत एनसीएएकडे होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली, तेव्हापासून विद्यापीठांचे गट स्वतःच करार करतात. २०२२ मध्ये बिग टेन या गटाने सात वर्षांसाठी ७ अब्जांहून मोठा करार केला.

हा पैसा दिसतो कोचच्या पगारात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, शल्यविशारदही नसतो. तो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. आमच्या ओहायो स्टेटच्या कोचचा करार वर्षाला सव्वा कोटी डॉलरच्या घरातला. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये आपला कोच काढला, तर करार मोडल्याबद्दल त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणे लागले. काम न करण्याबद्दल! उरलेला पैसा स्टेडियम, जिम, चकचकीत लॉकर रूम आणि तोट्यातल्या बाकीच्या खेळांत जातो.

एक गोष्ट मात्र विद्यापीठांच्या बाजूने सांगायला हवी. बहुतेक क्रीडा विभाग खरोखरच तोट्यात चालतात आणि अनेक ठिकाणी तो तोटा साध्या विद्यार्थ्यांच्या फीमधून भरला जातो.

पूर्वी एखाद्या मुलाने गुपचूप चार पैसे कमावले तर काय व्हायचे?

आमच्याच गावातली गोष्ट सांगतो. शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाला, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याला, हरवले की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या चड्डीच्या आकाराचे एक छोटे लटकन मिळते. हसू नका, १९३४ पासूनची परंपरा आहे. २०१० मध्ये उघड झाले की काही मुलांनी ही लटकने, विजेतेपदाच्या अंगठ्या, जर्सी विकल्या, आणि त्या बदल्यात रोख पैसे आणि टॅटू घेतले. स्वतःला मिळालेल्या वस्तू, स्वतःच्या अंगावर टॅटू. पाच जणांवर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. कोच जिम ट्रेसल यांनी ही माहिती वर कळवली नव्हती, त्यांना २०११ मध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि २०१० च्या हंगामातले विजय नोंदवहीतून पुसले गेले.

तेच ट्रेसल २०२५ मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. आणि त्या मुलांनी जे केले, ते आज कॅमेऱ्यासमोर केले तर त्याला "ब्रँड" म्हणतात.

मग हे बदलले कसे?

कोर्टामुळे. बास्केटबॉलपटू एड ओबॅनन १९९५ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाकडून विजेता ठरला होता. बऱ्याच वर्षांनी मित्राच्या घरी त्याच्या पोराने व्हिडिओ गेम लावला, तर त्यात यूसीएलएचा एक डावखुरा, टक्कल असलेला, ३१ क्रमांकाची जर्सी घातलेला खेळाडू. हा तर मीच! गेम विकणाऱ्याला पैसे, विद्यापीठाला पैसे, ओबॅननला शून्य. २००९ मध्ये तो कोर्टात गेला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूला आपल्या नावाचे पैसे घेऊ द्या. मग बाकीची राज्ये मागे कशी राहतील? चांगली मुले कॅलिफोर्नियाला गेली असती ना! २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. खटला मुळात फक्त शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळे मत जोडून सुनावले की कामगारांना बाजारभावाने पैसे न देणे हीच आमच्या मालाची ओळख, असा युक्तिवाद या देशात दुसऱ्या कोणत्याही धंद्याला पचला नसता. दहाच दिवसांत, १ जुलैला, एनसीएएने हात वर केले आणि नावाचे पैसे घेण्यावरची बंदी उठवली.

एनआयएल म्हणजे काय?

नाव, छबी आणि ओळख यांची इंग्रजी आद्याक्षरे. खेळाडू जाहिरात करू शकतो, सही विकू शकतो, शिबिर घेऊ शकतो. कल्पना चांगली. व्यवहारात मात्र श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी निधी गोळा केले आणि जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंना सरळ पगारच सुरू केला. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेटचा संघ असा सुमारे दोन कोटी डॉलरचा होता, हे क्रीडा संचालकांनीच सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दामला ३४–२३ हरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पैसा वसूल.

आता विद्यापीठ थेट पैसे देते म्हणे?

हो. ग्रँट हाउस या ॲरिझोना स्टेटच्या जलतरणपटूच्या नावाने चाललेल्या खटल्यात तडजोड झाली आणि ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्केन यांनी ती मंजूर केली. २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून १० वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर. आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा, २०२५-२६ साठी कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. ही मुभा आहे, सक्ती नाही. हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी यातून अंग काढून घेतले. बाहेरचा ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार तपासणीसाठी कळवावा लागतो, म्हणजे जाहिरात खरी आहे की आडून दिलेला पगार, हे बघायला.

मग ती मुले आता कर्मचारी आहेत का?

नाहीत. पैसे मिळतात, पण ते "उत्पन्नातला वाटा" म्हणून. कामगार कायदा, युनियन, अपघात विमा यांतले काही नाही. डेनिसनच्या पत्नीला जे मिळाले नाही, ते अजूनही कोणाला हक्काने मिळत नाही.

प्रयत्न झाले. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंना २०१४ मध्ये कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने कर्मचारी ठरवले, युनियनसाठी मतदानही झाले. पण २०१५ मध्ये वरच्या मंडळाने प्रकरणात पडायलाच नकार दिला आणि मतपेट्या न उघडताच राहिल्या. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली, पण वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला. आमच्या ओहायोने तर २०१४ मध्येच कायदा करून टाकला की सरकारी विद्यापीठाचा खेळाडू हा कर्मचारी नव्हे. विषय संपला!

मुलींचे काय?

१९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलामुलींत भेदभाव करता येत नाही. स्कॉलरशिप वाटताना हे पाळावे लागते. मग नव्या पैशाला तोच नियम का नको? जानेवारी २०२५ मध्ये जाता जाता बायडेन सरकारने सांगितले की लागू आहे, फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने ते मागे घेतले. वाटपाचे जे सूत्र सर्रास बोलले जाते, त्यात ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के पुरुष बास्केटबॉलला, ५ टक्के महिला बास्केटबॉलला आणि उरलेल्या पाचात बाकी सगळे. मागच्या भरपाईचाही बहुतांश भाग पुरुषांकडेच जातो, म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केले. जाहिरातींच्या बाजारात मात्र मुली मागे नाहीत. लुइझियाना स्टेटची जिमनॅस्ट ऑलिव्हिया डन ही कित्येक फुटबॉलपटूंपेक्षा जास्त कमवत होती.

पगार दिला तर पोहणे, कुस्ती, ॲथलेटिक्स बंद पडेल ना?

ही भीती खोटी नाही. पॅरिस ऑलिंपिकमधल्या अमेरिकी पथकातले साधारण तीन चतुर्थांश खेळाडू कॉलेजच्या खेळातून आलेले. तिथे चार सुवर्णपदके मिळवणारा फ्रान्सचा लेऑं मार्शांसुद्धा ॲरिझोना स्टेटमध्ये घडला. हा सगळा डोलारा फुटबॉलच्या पैशावर उभा आहे.

पण पैशाचा प्रश्न निघाला की पहिली कुऱ्हाड कुस्तीवरच का, कोचच्या पगारावर का नाही? आणि हौशी खेळाची एवढी काळजी होती तर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची विद्यापीठे टीव्हीच्या पैशासाठी बिग टेनमध्ये का गेली? आता तिथल्या व्हॉलीबॉलच्या मुली सामन्यासाठी थेट न्यू जर्सीपर्यंत विमानाने जातात आणि येऊन परीक्षा देतात. स्टॅनफर्ड तर प्रशांत महासागराजवळ असून अटलांटिक कोस्ट गटात खेळते. भूगोलाच्या शिक्षकांनी कानावर हात ठेवावेत.

माझा भाचा पुण्यात टेनिस खेळतो. इकडे स्कॉलरशिप मिळाली तर त्यालाही पैसे मिळतील?

स्कॉलरशिप मिळू शकेल. महेश भूपती मिसिसिपीत, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियात, आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये याच वाटेने खेळली. पण पैशाच्या बाबतीत सांभाळून. तो येणार एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, आणि त्यावर काम करण्यावर कडक बंधने आहेत. शेजारच्या लॉकरमधला अमेरिकी मुलगा जाहिरात करील, याने केली तर व्हिसा धोक्यात. केंटकीचा काँगोहून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे २०२२ मध्ये संघाबरोबर बहामाला गेला, तेव्हा त्याने आपली जाहिरातींची कामे तिथे, म्हणजे अमेरिकेबाहेर उरकून घेतली. विद्यापीठ थेट पैसे देऊ म्हणाले तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. कोचच्या तोंडी शब्दावर सही करू नका, आणि गल्लीतल्या काकाच्याही. त्यात मी आलो.

अजून एक. टेनिसला पूर्ण स्कॉलरशिप मिळेलच असे नाही. किती टक्के, किती वर्षांची, आणि दुखापत झाली तर काय, हे लेखी घ्या.

तुमचे स्वतःचे मत काय?

ज्या दोन खेळांतून पैसा येतो, त्यांतल्या मुलांना सरळ कर्मचारी माना, करार करा, विमा द्या, युनियन करू द्या. बाकीच्यांना विद्यार्थी राहू द्या, पण मग त्यांना सामन्यासाठी तीन हजार मैल पळवू नका. सध्याची तडजोड मला अर्धवट वाटते. हातात पैसे ठेवले, पण त्या जोडशब्दाला धक्का लावला नाही. बायको म्हणते, तुझा मुलगा लाइनमन (फुटबॉलमध्ये पुढच्या रांगेत धडका घेणारा) असता तर तू एवढे शांतपणे लिहिले असतेस का? तो बुद्धिबळ खेळतो.

आम्ही नोव्हेंबरमध्ये येतोय. सामन्याचे तिकीट मिळेल का?

सम वर्षी आलात तर शेवटच्या शनिवारी मिशिगनचा सामना कोलंबसमध्ये असतो. त्याचे तिकीट मागू नका, माझ्याकडेही नसते. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचे 'एम' अक्षर लाल फुली मारून खोडतात, त्यामुळे पत्ता शोधताना गोंधळू नका. आणि निळा स्वेटर घरीच ठेवून या, तो मिशिगनचा रंग.